नऊ टक्क्यांचे शहर : ‘सिटीज: स्कायलाइन्स’ या खेळातील तिजोरीची समीक्षा

शहर वसवण्याच्या संगणकीय खेळांबद्दल जे लिहिले जाते, त्यात चित्रांकन, रहदारी आणि खेळाचा वेग यांवरच बहुतेक शाई खर्च होते. पडद्याच्या एका कोपऱ्यात चालू असलेल्या जमाखर्चाकडे समीक्षक सहसा वळत नाहीत. खेळाचा प्रत्येक निर्णय मात्र त्या आकड्याला विचारूनच होत असतो. म्हणून ही समीक्षा केवळ त्या जमाखर्चाची आहे. फिनलंडमधील तांपेरे येथील कोलोसल ऑर्डर या कंपनीने घडवलेला आणि स्वीडनच्या पॅराडॉक्स इंटरॅक्टिव्हने प्रकाशित केलेला ‘सिटीज: स्कायलाइन्स’ मार्च २०१५ मध्ये आला आणि त्याचा दुसरा भाग ऑक्टोबर २०२३ मध्ये. कर कोणावर आणि किती लावायचा, खर्च कशावर करायचा, कर्ज कधी काढायचे या निर्णयांनी शहराची अर्थव्यवस्था कशी घडते, हे या खेळातून कितपत कळते, एवढाच येथे प्रश्न आहे. माझे मत आधीच सांगून टाकतो. खर्चाची बाजू हा खेळ फार चांगली शिकवतो, करदराची बाजू बऱ्यापैकी शिकवतो, पण कोणता कर लावण्याचा अधिकार शहराला आहे आणि तो कोणी दिला, या प्रश्नाला तो हातच लावत नाही. खऱ्या शहरांचे रूप बव्हंशी याच प्रश्नाच्या उत्तराने ठरते.

पहिल्या भागाची सुरुवात ७०,००० या शिलकेने होते. महामार्गापासून रस्ता काढायचा, वीज आणि पाणी आणायचे, सांडपाण्याची सोय करायची, आणि एकही रहिवासी आलेला नसताना ही शिलक झपाट्याने उतरताना पाहायची. करातून मिळणारा पहिला पैसा त्यानंतर बऱ्याच वेळाने येतो. खर्च आधी आणि महसूल नंतर, या दोहोंमधले अंतर भरून काढण्यासाठीच नगरपालिकांना कर्जरोखे काढावे लागतात, आणि ते अंतर चुकीचे जोखले की शहर अडचणीत येते. पाठ्यपुस्तकात हा मुद्दा दोन ओळींत संपतो. येथे तो अंगावर येतो, कारण पाण्याचा पंप थोडा दूर बसवला तर नळवाहिनीच्या लांबीतच उरलेली शिलक संपून जाते आणि घरे उभी राहण्याआधीच काम थांबते.

कराचे पान उघडले की निवासी, व्यापारी, औद्योगिक आणि कार्यालयीन वापरासाठी वेगवेगळ्या सरकपट्ट्या दिसतात. निवासी आणि व्यापारी वापरात विरळ व दाट वस्तीसाठी पुन्हा स्वतंत्र पट्ट्या आहेत. प्रत्येक पट्टी आरंभी ९ टक्क्यांवर असते आणि १ ते २९ टक्क्यांच्या दरम्यान हलवता येते. उद्योगाची पट्टी ९ वरून ११ वर नेली तर काहीच बिघडत नाही, महसूल तेवढा वाढतो. ती १३ च्या पुढे सरकवली की काही वेळाने कारखान्यांच्या छपरांवर कर जास्त असल्याच्या तक्रारीची चिन्हे उमटू लागतात. मग एखादे गोदाम बंद पडते, रिकामी इमारत काळवंडते, आणि शेजारच्या वसाहतीतील बेरोजगार रहिवासी काढता पाय घेतात. दर वाढला की महसूल त्याच प्रमाणात वाढतोच असे नाही, एका मर्यादेपुढे करपायाच, म्हणजे ज्यावर कर बसतो ती मालमत्ता आणि उलाढालच, आकसतो, हे सूत्र समीकरणाशिवाय समजावण्याचा याहून सोपा मार्ग मला ठाऊक नाही. दोष एवढाच, की ही मर्यादा प्रत्येक शहरात जवळपास त्याच जागी येते. समुद्रकाठचे बंदर असो की डोंगरातली वस्ती, उद्योगाची सहनशक्ती सारखीच. प्रत्यक्षात बंदराशी बांधलेला व्यवसाय बराच कर सोसतो, कारण त्याला बंदर उचलून नेता येत नाही. लॅपटॉपवर चालणारा व्यवसाय मात्र अर्ध्या टक्क्यासाठीही जागा बदलू शकतो.

या ९ टक्क्यांची एक गंमत अशी, की २००३ मधील ‘सिमसिटी ४’ या पूर्वसुरीतही करांचे आरंभीचे दर ९ टक्केच होते. २०११ मध्ये अमेरिकेत राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उतरलेले हर्मन केन यांनी ‘९-९-९’ अशी, म्हणजे तीन करांना प्रत्येकी ९ टक्के दर लावणारी, करयोजना मांडली, तेव्हा ती त्या खेळातूनच उचलली काय, अशी थट्टा वृत्तपत्रांतून झाली होती.

खर्चाचे पान मात्र थट्टेवारी नेण्यासारखे नाही. प्रत्येक सेवेची तरतूद ५० ते १५० टक्क्यांच्या दरम्यान ठरवता येते, आणि खेळाच्या रचनाकारांनी एक बारकावा नेमका पकडला आहे. तरतूद निम्मी केली तर सेवेची कार्यक्षमता निम्म्याहून पुष्कळ खाली घसरते. उलट दीडपट तरतूद केली तरी कार्यक्षमता दीडपट होत नाही. अग्निशमन दलाची तरतूद कापली तर केंद्राची इमारत कायम राहते, पण रस्त्यावर उतरणारे बंब कमी होतात. सरसकट दहा टक्के काटकसरीचे फर्मान काढणाऱ्या कोणत्याही अर्थसमितीने हे पान एकदा पाहावे. त्याहून मोलाचा धडा जमिनीच्या मूल्याचा आहे. शाळा, उद्यान, दवाखाना आणि बसमार्ग पोहोचले की परिसराचे मूल्य वाढते, इमारती वरच्या श्रेणीत जातात, त्यांत अधिक शिकलेले लोक राहू लागतात आणि करदर तसूभरही न वाढवता महसूल वाढतो. सार्वजनिक खर्चातून करपाया निर्माण होतो, ही गोष्ट राजकोषीय चर्चेत नेहमी मागे पडते, कारण ताळेबंदात उद्यानाचा खर्च एका वर्षी दिसतो आणि त्याने वाढवलेला महसूल पुढची अनेक वर्षे दुसऱ्याच रकान्यात विखुरलेला असतो.

हे वाढलेले मूल्य खेळात आपोआप तिजोरीत परतते, जगात मात्र ते परत मिळवण्यासाठी यंत्रणा उभारावी लागते. हाँगकाँगच्या भुयारी रेल्वेने स्थानकांवरील आणि त्यांभोवतालच्या जागेच्या विकासाचे हक्क मिळवून रेल्वेमुळे वाढलेल्या मूल्याचा वाटा रेल्वेच्याच बांधणीकडे वळवला. ब्राझीलमधील साओ पाउलो शहराने ठरावीक भागांत जादा बांधकामाचे हक्क प्रमाणपत्रांच्या रूपाने लिलावात विकले आणि मिळालेला पैसा त्याच भागाच्या पायाभूत सोयींसाठी राखून ठेवला. पिट्सबर्गने तर १९१३ पासून जवळजवळ नऊ दशके जमिनीवर जास्त दराने आणि तिच्यावरील इमारतीवर कमी दराने कर लावला. बांधकाम करणाऱ्याला दंड होऊ नये आणि मोक्याची जागा मोकळी ठेवून भाववाढीची वाट पाहणे परवडू नये, असा त्यामागचा विचार होता. २००१ मध्ये नव्या मूल्यांकनावरून उठलेल्या असंतोषात ती पद्धत गुंडाळली गेली. खेळात जमीन आणि इमारत यांच्यावर वेगळा कर लावण्याची सोयच नाही, कारण खेळातील जमिनीला मालकच नाही. शहर एखादा चौकोनी तुकडा विकत घेते, त्यावर घरे की दुकाने हे ठरवणारा रंग भरते, आणि नको असलेले खासगी घर मोबदला न देता बुलडोझरने पाडते. भूसंपादनाच्या खर्चावर आणि खटल्यांवर ज्या शहरांच्या अंदाजपत्रकाचा मोठा हिस्सा जातो, त्यांच्या अधिकाऱ्यांना हा खेळ स्वप्नवत वाटेल.

आता खऱ्या उणिवेकडे वळतो. खेळाडूला कराचा दर निवडता येतो, कराचा प्रकार निवडता येत नाही, आणि प्रकार कोणताही असला तरी काय फरक पडतो, अशी भावना खेळताना होते. कॅलिफोर्नियाचा अनुभव याच्या अगदी उलट आहे. जून १९७८ मध्ये तेथील मतदारांनी ‘प्रपोझिशन १३’ हा प्रस्ताव संमत केला आणि मालमत्ता कराची कमाल मर्यादा करपात्र मूल्याच्या १ टक्क्यावर आणली. मालमत्ता विकली जाईपर्यंत तिचे करपात्र मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येणार नाही, असेही ठरले. नगरपालिकांचा हुकमी महसूल त्यामुळे कोसळला. त्यांच्याकडे उरलेल्या साधनांत एक ठळक होते : विक्रीकरातील वाटा, म्हणजे विक्रीच्या किमतीचा १ टक्का, जो विक्री ज्या गावात होते त्या गावाला मिळतो. यानंतर नगरनियोजनाच्या टेबलावर काय घडले असेल, ते सांगायला अर्थतज्ज्ञ नको. महामार्गालगतच्या मोकळ्या भूखंडावर चारशे घरे उभी केली तर शाळा, पाणी, पोलीस यांचा खर्च येणार आणि मालमत्ता कराची वाढ २ टक्क्यांवर गोठलेली राहणार. त्याच जागी मोटारविक्रीची दालने किंवा अवाढव्य दुकान आले तर खर्च कमी आणि विक्रीकराचा वाटा भरघोस. नगरपालिका दुकानांच्या मागे धावू लागल्या, घरांना नाना अटी लागू लागल्या, आणि राज्यातील घरटंचाईच्या कारणांच्या यादीत करप्रणालीचे नाव कायमचे नोंदले गेले. एकाही नियोजकाने घरे नकोत असे म्हटले नसेल. करपायानेच त्यांच्या वतीने ते म्हटले. एवढ्या मोठ्या परिणामाचा मागमूसही या खेळात नाही, आणि दहा वर्षांत आलेल्या इतक्या विस्तारसंचांमध्ये, म्हणजे खेळाला जोडायच्या नव्या भागांमध्ये, करपायाला हात घालणारा एकही संच निघू नये, याचे मला आश्चर्य वाटते.

दुसरी उणीव शेजाऱ्यांची आहे. नकाशाच्या सीमेबाहेर महामार्ग जातो, माल येतो-जातो, पर्यटक येतात, पण तिकडच्या शहरांना तुमच्या करदराशी देणेघेणे नसते. जर्मनीतील कोलोन आणि ड्युसेलडॉर्फ यांच्या दरम्यान असलेल्या मोनहाइम या सुमारे चाळीस हजार वस्तीच्या गावाची गोष्ट येथे पाहण्यासारखी आहे. जर्मनीत व्यवसाय कराचा मूळ दर ३.५ टक्के असतो आणि त्याला कितीने गुणायचे, हे प्रत्येक नगरपालिका ठरवते. मोनहाइमने २०१२ मध्ये हा गुणक ४३५ टक्क्यांवरून ३०० वर आणि पुढे २५० वर आणला, म्हणजे प्रत्यक्ष कर सुमारे १५ टक्क्यांवरून पावणेनऊ टक्क्यांवर आला. दर घटूनही महसूल वाढला, कारण कंपन्यांनी आपली कार्यालये तेथे हलवली, आणि कर्जात असलेले गाव कर्जमुक्त झाले. येथवर हा खेळातल्यासारखाच विजय आहे. पण मोनहाइमच्या तिजोरीत पडलेला पैसा कोणाच्या तरी तिजोरीतून गेला होता. शेजारची शहरे संतापली, आणि शेवटी लेव्हरकुझेनने २०२० मध्ये आपला गुणक ४७५ वरून एकदम २५० वर आणला. रहिवासी आपल्याला परवडणारी कर-सेवांची जोडी शोधत शहरे बदलतात आणि त्यातून शहरांमध्ये निकोप स्पर्धा होते, असे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स टीबू यांनी १९५६ मध्ये मांडले होते. ती मांडणी सुबक आहे. मात्र प्रत्यक्षात अशी स्पर्धा बरेचदा नवे काही निर्माण न करता जुनेच एका हद्दीतून दुसऱ्या हद्दीत नेते. खेळात शेजारी गप्प असल्यामुळे कर कमी करण्याला कोणी प्रत्युत्तर देत नाही, आणि नवख्या खेळाडूच्या मनावर हा समज पक्का बसतो.

मोफत सार्वजनिक वाहतुकीचे धोरण हे या दोन्ही उणिवांचे लहानसे पण बोलके उदाहरण आहे. पहिल्या भागात ते एका कळीने लागू होते : प्रवासी वाढतात, भाड्याचे उत्पन्न शून्य होते, रहदारी थोडी हलकी होते. एस्टोनियाची राजधानी तालिन हिने १ जानेवारी २०१३ पासून नोंदणीकृत रहिवाशांना शहरातील वाहतूक मोफत केली. ‘नोंदणीकृत’ या अटीत सगळी मेख आहे. एस्टोनियात व्यक्तीच्या प्राप्तिकराचा काही वाटा तिची नोंद ज्या नगरपालिकेत असते तिला मिळतो. तालिनमध्ये राहणारे पण इतरत्र नोंद असलेले हजारो लोक मोफत प्रवासासाठी तालिनमध्ये नोंदले गेले आणि त्यांच्या प्राप्तिकराचा वाटा शहराकडे वळला. तिकिटांच्या बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई अशी दुसऱ्याच दाराने आली. हा हिशेब जमला, कारण करवाटपाचा राष्ट्रीय नियम तसा होता. नियम वेगळा असता तर तेच धोरण नुसता खर्च ठरले असते.

वरच्या सरकारचा विषय निघाला, तर या खेळमालिकेतील सर्वांत रंजक प्रकरण दुसऱ्या भागात घडले. त्यात आरंभी सरकारी अनुदानाची रक्कम आपोआप शहराच्या खात्यात पडत असे. शहर तोट्यात चालले तरी अनुदान सावरून घेई, त्यामुळे खेळाडू बेफिकीर झाले आणि अर्थकारणात रामच उरला नाही, अशी टीका झाली. जून २०२४ मधील मोठ्या अपडेटमध्ये हे अनुदान काढून टाकण्यात आले, सेवांचा खर्च वाढवला गेला, घरभाड्याची पद्धत बदलली, आणि चांगली चाललेली कित्येक जतन केलेली शहरे तोट्यात गेली. हंगेरीचे अर्थशास्त्रज्ञ यानोश कोर्नाई यांनी समाजवादी उद्योगांबाबत जी ‘मऊ अर्थसंकल्पीय मर्यादा’ वर्णिली, म्हणजे तूट आली तरी कोणीतरी भरून देणारच हा भरवसा, तिचा एवढा स्वच्छ प्रयोग अर्थशास्त्राच्या वर्गात करणेही अवघड आहे. मात्र रचनाकारांनी एका टोकावरून दुसऱ्या टोकावर उडी घेतली. अनुदान असावे की नसावे, याहून ते कोणत्या सूत्राने मिळावे हा खरा प्रश्न असतो. लोकसंख्येवर, गरिबीवर, स्वतःच्या करवसुलीच्या प्रयत्नांवर की मर्जीवर अनुदान ठरते, त्यानुसार महापालिकेचे वर्तन बदलते. जेवढा कर गोळा कराल तेवढे अनुदान कमी, असे सूत्र असेल तर कोणताही शहाणा महापौर करवसुलीसाठी मतदारांचा रोष ओढवून घेणार नाही.

कर्जाचे प्रकरण पहिल्या भागात फारच पोरकट आहे. ठरावीक बँका, ठरावीक रकमा, ठरावीक अटी. शहराची पत पाहून व्याज बदलत नाही आणि कोणी कर्ज नाकारतही नाही. न्यूयॉर्कने १९७५ च्या आधीची कित्येक वर्षे रोजचा महसुली खर्च भांडवली खात्यात टाकून आणि अल्पमुदतीच्या रोख्यांवर रोखे काढून दिवस ढकलले होते. त्या वसंतात बँकांनी नवे रोखे घेण्यास नकार दिला आणि शहराच्या हातातून निर्णय गेले. राज्याने जूनमध्ये कर्ज उभारणीसाठी वेगळे महामंडळ आणि सप्टेंबरमध्ये आर्थिक नियंत्रण मंडळ नेमले. भुयारी रेल्वेचे भाडे ३५ सेंटवरून ५० सेंटवर गेले. आणि १८४७ पासून विनाशुल्क चाललेल्या शहर विद्यापीठाच्या परंपरेत १९७६ मध्ये शुल्क आले. राजकोषीय धोरण शहराची अर्थव्यवस्था घडवते असे म्हणतो, तेव्हा त्यात धनकोची भूमिका केवढी असते, हे त्या वर्षाने दाखवले. खेळातील धनको मात्र अबोल आणि सोशीक आहे.

जुन्या दायित्वांची उणीवही अशीच. मूळ खेळात रस्त्याचा देखभालखर्च ठरावीक हप्त्याने जातो. देखभाल पुढे ढकलून वरवर शिलकी अंदाजपत्रक दाखवण्याची जी चलाखी खरी शहरे करतात, तिला येथे वाव नाही. कर्मचाऱ्यांना निवृत्तिवेतन नाही. डेट्रॉइटने जुलै २०१३ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा सुमारे १८ अब्ज डॉलरच्या दायित्वांत निवृत्तांचे वेतन आणि आरोग्यखर्च यांचा मोठा भाग होता. १९५० मध्ये सुमारे साडेअठरा लाख असलेली लोकसंख्या सात लाखांपर्यंत उतरली होती, पण रस्ते, जलवाहिन्या आणि निवृत्त कर्मचारी त्या प्रमाणात कमी झाले नव्हते. सुमारे ४० टक्के पथदिवे बंद होते. खेळात शहर आकसले तर खेळाडू रिकामे मोहल्ले पाडतो, रस्ता पुसून टाकतो आणि मोकळा होतो. एका अनपेक्षित जागी मात्र खेळ वास्तवाच्या जवळ जातो. एकदम वसवलेल्या मोठ्या वसाहतीतील रहिवासी एकाच वयाचे असल्यामुळे एकाच सुमारास म्हातारे होतात आणि एकाच सुमारास मरतात. स्मशानव्यवस्था कोलमडते, घरे रिकामी होतात, कर आटतो. खेळाडू याला दोष मानून चिडतात. मला तो खेळातील सर्वांत खरा भाग वाटतो, कारण एका दशकात घाईने वाढलेल्या उपनगरांचे नळ आणि पूलही असेच एका दशकात बदलायला येतात आणि त्यासाठी कोणी पैसा बाजूला ठेवलेला नसतो.

दुसऱ्या भागात करपत्रक अधिक सूक्ष्म झाले आहे. निवासी कर शिक्षणाच्या पातळीनुसार आणि व्यापार-उद्योगाचा कर उत्पादनानुसार वेगळा ठेवता येतो. दर शून्याखाली नेला की तो अनुदान होतो. वीज आणि पाण्याचे शुल्क बदलले की वापरही बदलतो. कागदावर हे सारे पहिल्या भागापेक्षा सरस आहे. प्रत्यक्षात परिणाम इतक्या थरांतून येतो, की कोणत्या निर्णयाने काय झाले हे ओळखणे कठीण जाते. शिकवण्यासाठी म्हणून विचाराल तर मी अजूनही पहिलाच भाग सुचवीन.

सार्वजनिक वित्ताच्या विद्यार्थ्यांना हा खेळ द्यायचा असेल, तर एक अट घालून द्यावा. निवासी कर १ टक्क्यावर गोठवायचा आणि सगळा भार व्यापारी करावर टाकायचा, म्हणजे कॅलिफोर्नियाची परिस्थिती ओबडधोबडपणे तयार होईल. विद्यार्थी साहजिकच घरांना बगल देऊन दुकानांसाठी जागा आखतील, आणि थोड्याच वेळात त्यांचे गाडे अडेल, कारण येथे दुकानांची मागणी मुख्यतः शहराच्या स्वतःच्या रहिवाशांतून येते. ग्राहक हवे तर घरे बांधावीच लागतात. कॅलिफोर्नियातील नगरपालिकेवर हे बंधन नव्हते. तिचे ग्राहक शेजारच्या गावात राहत होते, त्यांच्या मुलांच्या शाळेचा आणि पाण्याचा खर्च ते गाव करत होते, आणि त्यांच्या खरेदीवरचा कर हिला मिळत होता. खेळ नेमका कोठे अडतो आणि जग तेथे का अडत नाही, यावर वर्गात एक तास सहज चर्चा होईल.